हैदराबाद ते मुंबई : दुकानापासून दुकानापर्यंत

आपल्या बाजारातील पेढ्यांवर अलीकडे एक वाक्य वारंवार कानी पडते. मुंबईहून दलालाचा निरोप येतो की, माल आला आहे, पाहून जा, आणि गादीवरील तरुण मंडळी तत्काळ उत्तर देतात, "उद्याच येतो, तासाभराचे तर काम आहे!" हे तासाभराचे काम कोठे सुरू होते आणि कोठे संपते, याचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही. पैशाचा फरक निघाला तर रात्री उशिरापर्यंत रोजमेळ चाळीत बसणारे आपण व्यापारी. पण प्रवासाच्या बाबतीत विमान कंपनीने तिकिटावर छापलेला आकडा आपण निमूटपणे जमेस धरतो. तो आकडा एकदा तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम अंतराविषयी. शमशाबादचा विमानतळ आणि मुंबईचा सांताक्रूझ-सहारचा विमानतळ यांमध्ये सरळ रेषेने सुमारे ६२० किलोमीटर, म्हणजे जुन्या मापाने सुमारे ३८५ मैल अंतर आहे. आगगाडीला हेच अंतर सुमारे ७९० किलोमीटर पडते. कारण ती वाडी, सोलापूर, दौंड, पुणे अशी वळसा घेत जाते आणि भोर घाट उतरून मुंबईस पोचते. मोटारीचा रस्ता ७०० किलोमीटरच्या आसपास आहे. तेव्हा विमान केवळ वेगाने पुढे जाते असे नव्हे, वाट सरळ असल्यामुळेही त्याचे दीडशेहून अधिक किलोमीटर वाचतात. त्याचे हे श्रेय कोणी नाकारू नये आणि आम्हीही नाकारीत नाही.

आपल्या पणजोबांच्या काळी या अंतराचे माप वेगळे होते. मालाने भरलेली बैलगाडी दिवसाला पंधरा-वीस मैल चालली तर ती चांगली चाल समजली जाई. त्या हिशेबाने मुंबईचा प्रवास तीन-चार आठवड्यांचा होई, आणि पावसाळ्यात भीमेला पूर आला की तो किती दिवसांचा होईल हे कोणी सांगू शकत नसे. १८७४ साली सिकंदराबादहून वाडीपर्यंत निझामाची रेल्वे सुरू झाली आणि ती तेथे मुंबई-रायचूर मार्गास मिळाली. आठवड्यांचा प्रवास एकदम दिवसांवर आला. आमच्या मते या दोन शहरांमधील अंतर खऱ्या अर्थाने तुटले ते त्या वर्षी. त्यानंतर झालेल्या साऱ्या सुधारणा, विमान धरून, त्या एका उडीपुढे लहानच आहेत.

विमानाचा इतिहासही आपल्या व्यापाराला अगदी परका नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपालाचे विमान आणले व तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. त्या विमानात उतारू नव्हते, पत्रे होती. आणि अहमदाबादेस त्यात भरावयाचे इंधन बैलगाडीतून आणले होते! माणसाच्या आधी पत्रास विमानात जागा मिळाली, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. कारण बाजाराला माणसापेक्षा बातमीची घाई अधिक असते. हैदराबादेत बेगमपेठेचे विमानतळ त्याच दशकात उभे राहिले. १९४५ साली निझाम सरकार व टाटा यांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज ही कंपनी स्थापन झाली, पुढल्या वर्षी तिची विमाने उडू लागली आणि १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. याच सुमारास नागपूरची रात्रीची विमान-टपाल सेवा नावारूपास आली होती. १९४९ साली सुरू झालेल्या या सेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार दिशांची विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडण्यापूर्वी आपापल्या गावी परत फिरत. सायंकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी परप्रांतातील पेढीवर पोचे. व्यापाऱ्याचा दिवस न मोडता, त्याच्या झोपेच्या वेळात काम उरकणारी ती व्यवस्था १९७३ पर्यंत चालली. आमच्या पुढील विवेचनात ही गोष्ट पुन्हा उपयोगी पडणार आहे, म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

आता वेगाकडे वळू. डेक्कन एअरवेजची डाकोटा विमाने ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास चालत. म्हणजे मुंबईस दोन तासांहून थोडा अधिक वेळ हवेत जाई. १९५७ साली इंडियन एअरलाइन्सने व्हायकाउंट विमाने आणली, त्यांचा वेग पाचशेच्या घरात होता. १९६४ साली कॅराव्हेल हे जेट आले आणि वेग आठशेवर गेला. आणि त्यानंतर? त्यानंतर काहीच नाही. आज आपण ज्या एअरबसमध्ये बसतो तिचा वेगही आठशे-साडेआठशेच आहे. साठ वर्षांत विमाने मोठी झाली, इंधन कमी खाऊ लागली, सुरक्षित झाली, भाडे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. हे सारे लाभ मोठेच आहेत. परंतु वेग वाढलेला नाही. तो वाढला असता तरी आपल्या मार्गावर त्याचा फारसा उपयोग नव्हता. ६२० किलोमीटरच्या उड्डाणात पहिली वीसेक मिनिटे विमान वर चढण्यात घालविते, शेवटची वीस-पंचवीस मिनिटे खाली उतरण्यात. पूर्ण वेगाने धावण्यास मध्ये जो वेळ उरतो तो जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा. वेग दुप्पट केला तरी वाचून वाचणार दहा-बारा मिनिटे. एवढी मिनिटे तर आमची उस्मानगंजच्या नाक्यावर रोज जातात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या पुतण्याच्या आग्रहावरून आम्ही मुंबईस विमानाने जाऊन त्याच दिवशी परत आलो. जव्हेरी बाजारात मोत्यांचा एक लॉट पाहावयाचा होता. निघण्यापूर्वीच आम्ही खिशात एक लहान वही ठेवली आणि प्रत्येक टप्प्यास घड्याळ पाहून वेळ टिपली. पुतण्यास त्याची गंमत वाटली. "काका, तुम्ही प्रवासाचासुद्धा रोजमेळ लिहिता!" असे तो म्हणाला. त्या वहीतील नोंद वाचकांपुढे ठेवतो.

बेगम बाजारातील घराचे दार पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी ओढले. ६ वाजून ५ मिनिटांनी शमशाबादच्या विमानतळाच्या दाराशी पोचलो. पहाटेची वेळ म्हणून एवढ्यात झाले. आठनंतर निघालो असतो तर दीड तासाची बेगमी करावी लागली असती. विमान सुटण्याची वेळ ७.५०. सामानाच्या खिडक्या बहुतेक कंपन्या तासभर आधी बंद करतात, पुढे तपासणीची रांग, त्यामुळे याहून उशिरा जाण्याची सोय नाही. जागेवरून विमान हलले ८.०५ ला आणि धावपट्टी सोडून वर उठले ८.२० ला. मुंबईवर आल्यावर त्यास आठ मिनिटे घिरट्या घालाव्या लागल्या. चाके जमिनीस लागली ९.२७ ला, दारापाशी उभे राहिले ९.४१ ला, सामान हाती आले १०.०५ ला. तेथून भुयारी मेट्रोने काळबादेवी व पुढे पायी, असे जव्हेरी बाजारातील पेढीची पायरी चढलो तेव्हा ११ वाजून १२ मिनिटे झाली होती.

एकंदर सहा तास दोन मिनिटे. त्यांपैकी प्रत्यक्ष हवेत एक तास सात मिनिटे. बाकीचे चार तास पंचावन्न मिनिटे जमिनीवर!

परतीची कथा याहून निराळी नव्हती. पेढीवरून साडेतीनला उठलो. पावणेसातचे विमान आठ वाजून वीस मिनिटांनी उडाले. घराचे दार उघडले तेव्हा रात्रीचे ११ वाजून ५ मिनिटे झाली होती. उशीर का झाला हे कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही कंपनीचे नाव येथे देत नाही. कारण दोष एका कंपनीचा नसून साऱ्या व्यवस्थेचा आहे. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत जवळजवळ अठरा तास आम्ही घराबाहेर होतो आणि त्यांत धंद्याचे काम झाले सव्वाचार तास, तेही जेवण धरून. दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात उशिरा आलो आणि दुपारपर्यंत डोळे चोळीत बसलो, तो वेळ वहीत लिहिलेला नाही.

तिकिटावर प्रवासाची वेळ दीड तास छापलेली होती. हा दीड तासही समजून घेण्यासारखा आहे. कंपन्या जो वेळ छापतात तो विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा. त्यात धावपट्टीपर्यंतचे रांगणे, पाळी येईपर्यंतचे थांबणे आणि संभाव्य घिरट्या यांचा अंदाज आधीच मिळविलेला असतो. म्हणजे काही उशीर झाला तरी विमान 'वेळेवर' आल्याचे दिसते. आमच्या धंद्यात वजनात आधीच तूट धरून भाव सांगणारा दुकानदार असतो, त्यातलाच हा प्रकार! मुंबईच्या विमानतळास दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदून जातात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. देशातील इतक्या मोठ्या शहराचा आकाशमार्ग अशा एका अरुंद दारातून जातो. घिरट्यांचे कारण हे आहे. वैमानिकाने किंवा कंपनीने कितीही धावपळ केली तरी ते दार रुंद होत नाही.

येथे एक गोष्ट ओघाने सांगतो. आपल्यापैकी जे सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याचा नियम पाळतात त्यांच्या ती कामाची आहे. मुंबई आपल्या पश्चिमेस सुमारे साडेपाच रेखांशांवर आहे. घड्याळ दोन्हीकडे एकच असले तरी सूर्य मुंबईस वीस-बावीस मिनिटे उशिरा मावळतो. हिवाळ्यात हा फरक थोडा कमी, उन्हाळ्यात थोडा अधिक. म्हणून सायंकाळी मुंबईहून हैदराबादेस येणाऱ्याने मुंबईचा सूर्यास्त धरून चालू नये. विमान पूर्वेकडे जात असते आणि दिवस त्याच्यासमोरून भराभर मावळतो. आमच्याबरोबरच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विमानतळावरच साडेपाचला डबा उघडला, ते शहाणपणाचे झाले. वाऱ्याचेही असेच आहे. हिवाळ्यात उंचावरील वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे मुंबईहून येताना विमानास मदत होते व जाताना अडथळा. पावसाळ्यात दक्षिण भारतावर फार उंचावर पूर्वेकडून जोराचा वारा वाहतो, तेव्हा प्रकार उलटा. हा फरक काही मिनिटांचाच असतो. पण दोन शहरांमधील वेळ जाताना व येताना सारखी का नसते, असे विचारणाऱ्यास हे उत्तर आहे.

मूळ मुद्द्याकडे येतो. हवेतील वेळ साठ वर्षे जागच्या जागी आहे, आणि जमिनीवरील वेळ वाढत गेला आहे. बेगमपेठेचे विमानतळ शहराच्या मध्यावर होते. सिकंदराबादच्या जनरल बाजारातील कापडवाला दुकानातून उठून काही मिनिटांत तेथे पोचत असे. मार्च २००८ मध्ये शमशाबादचे विमानतळ सुरू झाले आणि बेगमपेठेची प्रवासी वाहतूक बंद झाली. आता तेथे अधूनमधून विमानांचे प्रदर्शन भरते. याबद्दल रडत बसणे आम्हांस मान्य नाही. बेगमपेठेच्या चहूबाजूंनी शहर दाटले होते. धावपट्टी वाढविण्यास जागा नव्हती. शमशाबाद झाले नसते तर आज जी विमाने येथून थेट लंडनला जातात ती गेली नसती. परंतु विमानतळ वीस-पंचवीस किलोमीटर लांब नेल्यावर तेथपर्यंत जाण्याची चोख व्यवस्था करणे हाही त्याच कामाचा भाग होता. मेहदीपट्टणमपासून आरामघरपर्यंत सुमारे साडेअकरा किलोमीटरचा उड्डाणमार्ग २००९ साली झाला, त्याने मोटारवाल्यांची सोय झाली. बेगम बाजार, पत्थरगट्टी, चारकमान येथील माणसास मात्र त्या मार्गाचे टोक गाठेपर्यंतच घाम फुटतो. शहरात मेट्रो २०१७ साली आली. विमानतळापर्यंत ती अद्याप पोचलेली नाही. पायाभरणी झाली, मार्ग बदलले, नकाशे पुन्हा काढले. विमानाचा प्रवासी तेवढा पहाटे पाचला टॅक्सीची वाट पाहत उभा.

आणि मुंबईने काय केले? ज्या मुंबईस आपण गर्दीचे व खोळंब्याचे शहर म्हणतो, तेथे ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोची तिसरी मार्गिका आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. विमानतळाची दोन्ही प्रवासी स्थानके, हिऱ्यांचा बाजार जेथे आहे ते वांद्रे-कुर्ला संकुल आणि आपली काळबादेवी ही सारी तिच्यावर आहेत. विमानतळाहून काळबादेवीस जाण्यास पूर्वी टॅक्सीने दीड तासही लागे आणि दोनही लागत. आता पाऊण तासाच्या आत माणूस पोचतो, आणि किती वाजता पोचेल हे आधी सांगू शकतो. व्यापाऱ्याच्या दृष्टीने दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोलाची. शिवाय डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. वाशीच्या बाजाराशी ज्यांचा व्यवहार आहे त्या धान्य, मसाले व सुकामेवा यांच्या व्यापाऱ्यांनी आता सहारला उतरून उलटे वाशीस जाण्याचे कारण नाही. तिकीट काढताना कोणत्या मुंबईस जावयाचे हे आता विचारून घ्यावे लागेल. म्हणजे मुंबईकडील टोक आखूड झाले. आता लांब राहिले आहे ते आपले, हैदराबादचे टोक.

काही मंडळी म्हणतील, एवढा त्रास असेल तर जाताच कशाला? पत्र आता क्षणात जाते, पैसाही जातो. डिसेंबर २०२० पासून आरटीजीएसची सेवा चोवीस तास चालू असते. हे खरे आहे. भाव विचारणे, बिले पाठविणे, कराची विवरणे भरणे यांसाठी मुंबईची वारी करणाऱ्याने आपला वेळ स्वतःच फुकट घालविला असे आम्ही म्हणू. परंतु काही कामे डोळ्यांनीच होतात. मोत्यांची जोडी जुळवावयाची तर ते तळव्यावर घेऊन दिवसाच्या उजेडातच पाहावे लागतात. हिऱ्याची पुडी उघडल्याशिवाय भाव बोलता येत नाही. आणि जांगडीवर माल देणारा माणूस कागद पाहून देत नाही, तोंड पाहून देतो. नव्या नात्याचा पहिला सौदा तर समोरासमोरच होतो. म्हणून प्रवास राहणार, आणि तो किती लांबचा आहे हा प्रश्नही राहणार. यात लहान दुकानदाराचे नुकसान सर्वांत अधिक आहे. ज्याच्या पेढीवर मुनीम व चार माणसे आहेत त्याचे दुकान तो नसतानाही चालते. ज्याचे दुकान म्हणजे तो स्वतःच, त्याचा एक दिवस गेला म्हणजे कुलूपच. त्यातून विमानाचे भाडे सकाळी एक, दुपारी एक आणि सणाच्या आठवड्यात भलतेच! दाराबाहेर 'एकच भाव' अशी पाटी लावणाऱ्या आम्हां लोकांस या व्यवहाराची सवय होणे कठीण आहे.

मग उपाय कोणता? आमचे उत्तर काहींना जुनाट वाटेल. ६२० किलोमीटरच्या टापूत विमानाशी बरोबरी करण्याचे सामर्थ्य आगगाडीतच आहे. लंडनचे अंतर पावणेआठ हजार किलोमीटर आणि दहा तासांचे उड्डाण. तेथे जमिनीवरचे चार-पाच तास एकंदरीत फारसे जाणवत नाहीत, आणि तेथे विमानास पर्यायही नाही. मुंबईच्या वाटेवर मात्र तेच चार-पाच तास प्रवासाचा मुख्य भाग होऊन बसतात. युरोपातील एक उदाहरण पाहा. स्पेनमध्ये माद्रिद व बार्सिलोना या दोन शहरांमधील विमानमार्ग जगातील अत्यंत गजबजलेल्या मार्गांत मोजला जाई. फेब्रुवारी २००८ मध्ये, म्हणजे आपले शमशाबाद सुरू होण्याच्या एक महिना आधी, तेथे वेगवान रेल्वे सुरू झाली. तिची लांबी ६२१ किलोमीटर, आणि सर्वांत जलद गाडी अडीच तासांत शहराच्या मध्यावरून शहराच्या मध्यावर पोचविते. पुढील काही वर्षांत विमान व रेल्वे मिळून जेवढे लोक जात त्यांतील निम्म्याहून अधिक रेल्वेकडे वळले. कोणी त्यांच्यावर सक्ती केली नव्हती. त्यांनी दारापासून दारापर्यंतचा हिशेब केला, इतकेच.

आपल्याकडेही मुंबई-पुणे-हैदराबाद असा वेगवान रेल्वेमार्ग योजिला गेला आहे. सुमारे ७११ किलोमीटर लांबीचा आराखडा कागदावर आहे. तो होईल तेव्हा होवो. त्याची वाट पाहत आमची पिढी निघून जाईल, अशी आम्हांस शंका आहे. पण त्याआधी होण्यासारखे एक काम आहे आणि त्यास नवे रूळ लागत नाहीत. आज हुसेनसागर एक्सप्रेस मुंबईचा प्रवास चौदा-पंधरा तासांत करते. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई व सोलापूर यांमध्ये वंदे भारत गाडी धावते. ४५५ किलोमीटरचे हे अंतर ती साडेसहा तासांच्या आसपास तोडते, म्हणजे सरासरी ताशी सत्तर किलोमीटर, आणि तेही भोर घाट धरून. आता त्रैराशिक मांडा. हैदराबादेहून मुंबईस बारा तासांत जावयाचे तर सरासरी सहासष्ट किलोमीटरचा वेग पुरतो. जो वेग या मार्गाच्या निम्म्याहून अधिक भागावर दिवसा प्रत्यक्ष चालू आहे, तो रात्रीच्या एका गाडीस पूर्ण मार्गावर का देऊ नये? रात्री साडेआठला दुकानाचे शटर ओढावे, नामपल्लीस नऊची गाडी धरावी, डब्यात झोपावे, सकाळी नऊला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरावे आणि जव्हेरी बाजार उघडण्याच्या आत तेथे चहा घ्यावा. दिवसभर काम करून तसेच रात्री परत. दोन रात्री गाडीत गेल्या, पण धंद्याचा एकही तास गेला नाही, आणि मुंबईस सव्वाचार तासांऐवजी पुरा दिवस मिळाला. नागपूरची रात्रीची टपालसेवा जे पत्रांसाठी करीत होती तेच माणसांसाठी करावयाचे आहे.

आमच्या पुतण्यास हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "काका, पण गाडीत बारा तास आणि विमानात एक!" आम्ही वही त्याच्यापुढे ठेवली. तो बराच वेळ आकडे पाहत होता. शेवटी त्याने एक प्रश्न विचारला आणि तो रास्त होता : घरी कोणी अत्यवस्थ असेल, किंवा सकाळी निरोप येऊन दुपारी पोचणे भागच असेल, तर? तर विमान, यात वाद नाही. त्या प्रसंगी सहा तास हे बारा तासांहून कमीच आहेत आणि विमानाची खरी किंमत अशाच वेळी कळते. आमचे भांडण विमानाशी नाही. रोजच्या व्यवहारात विमानाचा एक तास दाखवून बाकीचे पाच तास प्रवाशाच्या खाती नावे टाकले जातात, त्याशी आहे.

संघाच्या येत्या वार्षिक सभेत आम्ही एक ठराव मांडणार आहोत. विमानतळापर्यंतची मेट्रो जुन्या शहराच्या बाजारपेठांस जोडून लवकर पुरी करावी ही एक मागणी, आणि रात्री नऊची बारा तासांची मुंबई गाडी ही दुसरी. परंतु नुसत्या ठरावांनी सरकारी कचेऱ्या हलत नाहीत. रेल्वेचा अधिकारी असो वा मेट्रोचा, तो आकडे मागतो. म्हणून संघाच्या कार्यालयात एक कोरी वही ठेवण्याची व्यवस्था आम्ही केली आहे. मुंबईस विमानाने जाऊन येणाऱ्या प्रत्येक सभासदाने तीत सहा वेळा लिहाव्यात : घर सोडल्याची, विमानतळावर पोचल्याची, विमान जागेवरून हलल्याची, ते मुंबईस उभे राहिल्याची, तेथील पेढीवर पोचल्याची, आणि परत घरी आल्याची. कंपनीचे नाव लिहिले नाही तरी चालेल. दिवाळीपर्यंत शंभर नोंदी जमाव्यात अशी अपेक्षा आहे. पहिल्या पानावर आमची नोंद आहे. तिच्याखालील ओळ पुतण्याने आपल्या पुढल्या वारीसाठी आखून ठेवली आहे.